वजनांची सुट्टी

"आज वजनास्नी सुट्टी," उदयसिंह म्हणाला. "तुला न्हाय. पाऊण तास चालायचं, सहाच्या स्पीडनं."

क्रांतीने मान हलवली. खंडेनवमी होती. उचगावातल्या त्याच्या जिममध्ये सगळी डंबेल्स सतरंजीवर ओळीने मांडली होती, प्रत्येकावर हळदीकुंकू आणि झेंडूचं एक फूल. आज त्यांना कुणी हात लावायचा नव्हता. जिम बंदच होती. आत फक्त भाऊ, बहीण आणि वहिनी.

"आधी काट्यावर उभी ऱ्हा."

ती उभी राहिली. उदयसिंहने वाकून आकडा बघितला. "साडेएकाहत्तर. सत्तरवर आण. पंधरा दिवसांत स्कॅन हाय."

आण्णांना लिव्हर द्यायचं होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी क्रांतीला स्पष्ट सांगितलं होतं, तुमच्या लिव्हरमध्येच चरबी आहे, ती उतरली तरच वडिलांसाठी तुकडा घेता येईल. आणि उपाशी राहून उतरवू नका. स्नायू झिजतील, अंगात ताकद राहणार नाही. म्हणून गेले दोन महिने आठवड्यातून तीन दिवस वजनं, तीन दिवस चालणं, दोन वेळा अर्धी भाकरी, सकाळी सहा अंड्यांचं पांढरं. पिवळं उदयसिंह खायचा. टाकायचं कशाला, म्हणायचा. नऊ किलो उतरले होते. घरी आण्णांच्या पोटातलं पाणी आता दर आठवड्याला काढावं लागत होतं.

उदयसिंहचा रक्तगट जुळत नव्हता. तसं त्यानेच येऊन सांगितलं होतं. बाहेर तपासला, ए निघाला, आण्णांचा बी. क्रांती शाहूपुरीतल्या लॅबमध्ये रोज तीस-चाळीस जणांचे रक्तगट बघायची. भावाचा बघितला नव्हता. घरच्या माणसाचं बोट टोचून खात्री करावी, असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

तेजस्वी ताट घेऊन आली. "वन्सं, प्रसाद घ्या." तिने क्रांतीच्या हातावर पेढा ठेवला.

उदयसिंहने तो तिथूनच उचलून तोंडात टाकला. "प्रसादात पण साखरच असती की."

"देवाचं तरी खाऊ द्या तिला," तेजस्वी म्हणाली.

"सत्तरवर आली की किलोभर खाऊ दे."

क्रांतीने हात पुसला. तेजस्वी स्टुलावर चढून आरशावरच्या फ्रेमा काढून देऊ लागली. सणाच्या निमित्ताने त्याही पुसून घ्यायच्या होत्या. क्रांती एकेक फ्रेम मांडीवर घेऊन ओल्या फडक्याने पुसत होती. तालमीचा फोटो. जिमच्या उद्घाटनाचा फोटो. तिसरी फ्रेम छताला लागून होती, काचेवर बोटभर धूळ. ती पुसली तेव्हा वर उदयसिंह दिसला, कॉटवर आडवा, मुठीत रबरी चेंडू, हसत असलेला. खाली मंडळाच्या रक्तदान शिबिराचं सर्टिफिकेट. गेल्या वर्षीचं. रक्तदाता, उदयसिंह. रक्तदान अकरावं. रक्तगट ओ पॉझिटिव्ह.

तिने ते दोनदा वाचलं. ओ गटाच्या माणसाचं लिव्हर बी गटाच्या माणसाला चालतं. हे तिला आठवावं लागलं नाही.

काच स्वच्छ झाली होती. तरी ती पुसत राहिली.

"दादा, ऑपरेशन झाल्यावर वजन कवा उचलता येतं?"

"तुला? सा म्हैने तरी न्हाय." तो आरशात बघून कपाळावरचा टिळा नीट करत होता. "तुला काय करायचंय? बसून काम तुझं. माझ्यावर आलं असतं, तर जिमला कुलूपच की."

"व्हय की," क्रांती म्हणाली.

ट्रेडमिलसमोरच्या खिळ्यावर तिच्या आहाराचा तक्ता लटकत होता. तो काढून तिने घडी केली आणि बाजूला ठेवला. त्या खिळ्यावर फ्रेम अडकवली. मशिनांना घालून ताटात एक हार उरला होता, तो फ्रेमला घातला, फुलं अक्षरांवर येणार नाहीत असा सारखा केला. मग पट्ट्यावर चढून तिने मशीन चालू केलं.

"अगं बाई." तेजस्वी स्टुलावरून उतरली. "वन्सं, जित्या माणसाच्या फोटोला हार घालत न्हाईत. काढा तो."

"फोटोला न्हाय घातला, वैनी. खाली लिहिलंय, त्याला घातलाय."

उदयसिंह वळला. हार काढायला त्याने हात वर केला आणि तो तसाच राहिला. त्याची नजर शेवटच्या ओळीवर होती. मागे पट्टा फिरत होता, क्रांतीचे बूट एका लयीत पडत होते. तेजस्वीने सर्टिफिकेट वाचलं, मग नवऱ्याकडे बघितलं. "अहो," ती म्हणाली, "तुम्ही तर ए सांगितलं होतं."

त्याने हात खाली घेतला.

"क्रांते," तो म्हणाला. तिच्या तोंडाकडे न बघता तो मशीनजवळ आला. "दमलीस काय? कमी करू स्पीड?"

"वाढव," ती म्हणाली. "दीड किलो हाय अजून."

त्याने बटण दाबलं. एकदा.

ती त्याच्याकडे बघत चालत राहिली. त्याने परत दाबलं.