चैतीच्या रक्ताची पकड

जामसरच्या चैतीला विषमज्वर होता. जव्हार संस्थानातले दिघे डॉक्टर आपल्या खोलीत तिच्या रक्ताची पकड, म्हणजे ते तापाच्या जंतूंना किती घट्ट धरतं ते, मोजत होते. गोठलेल्या रक्तावर सुटलेलं पाणी मिठाच्या पाण्याने नळीगणिक पातळ करत जायचं आणि प्रत्येक नळीत ते जंतू घालायचे. जिथे जंतूंच्या गुठळ्या होईनाशा होतात, तिथे पकड संपली.

ती संपेना. शेवटच्या नळीतही गुठळी होती.

"साहेब, ती तर तुलनेसाठी ठेवलेली नळी. तिच्यात चैतीचं रक्त घातलंच नाही," कंपाउंडर हरिभाऊ म्हणाले.

डॉक्टर नळी खाली ठेवायला गेले, पण बोटं सुटेनात. सोडवायला हरिभाऊंनी त्यांचं मनगट धरलं. मग हरिभाऊंचा हातही निघेना.

"सायेब, आत येऊ?" दाराबाहेरून चैतीच्या नवऱ्याने, लाडक्याने विचारलं.

दोघांनाही नको म्हणायचं होतं. ओठ उघडेनात.

दार उघडलं.