टेकडीवरचे डाग

केदारखेड्याच्या टेकडीवर साधनाताई धापा टाकत पोचल्या आणि जागीच थबकल्या. चोवीसच्या चोवीस दगड लग्नघरातल्या भांड्यांसारखे लख्ख झाले होते. प्रत्येकावर पांढऱ्या ऑइलपेंटने ठसठशीत आकडा.

"घ्या मॅडम, एकदम तयार!" बद्रीनाथभाऊंचा चेहरा फुलला होता. टेकडी त्यांच्याच शेताला लागून. वय अठ्ठ्याहत्तर, पण चढले साधनाताईंच्या आधी. "तुमचा फोन आल्ता ना, तवापासून लागलो. तुमचे नंबर पार बुजून गेल्ते. म्या अन् सुनेनं तारेच्या ब्रशानं सारे दगड घासले. चार दिवस!"

मागे त्यांची सून दैवशाला पाण्याची कळशी घेऊन हसत उभी होती.

साधनाताईंच्या पिशवीत जुनी वही होती. एकतीस वर्षांपूर्वी, जालन्याच्या कॉलेजात नव्याने लागल्या तेव्हा, त्यांनी या दगडांवर डागांसारख्या चिकटून वाढणाऱ्या दगडफुलांची नोंद केली होती. एकोणीस जाती, प्रत्येकीचं माप मिलिमीटरमध्ये. निवृत्तीनंतर एकच काम उरलं होतं: तीच दगडफुलं परत मोजायची, कोण टिकलं, कोण गेलं ते बघायचं. सात नंबरच्या दगडावर मसुराच्या डाळीएवढा एक पिवळा ठिपका होता. तो आता केवढा झाला असेल, याचाच विचार त्या एसटीत करत आल्या होत्या.

त्यांनी सात नंबरच्या दगडावरून हात फिरवला. काही म्हणजे काही नव्हतं.

काय दिवस होते ते! टेपचं दुसरं टोक बद्रीनाथभाऊंच्या हातात असायचं, आणि दुपारी त्यांची बायको, द्वारकावहिनी, पिठलं-भाकरी घेऊन वर यायच्या. "दगडाचं काय मेलं एवढं बघायचं," म्हणून हसायच्या. वहिनींना जाऊन आता सहा वर्षं झाली. साधनाताईंना एकदम भडभडून आलं.

"बराबर झालं ना, मॅडम?"

हो म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण खोटं काही जमेना. "भाऊ, ते डाग बघायलाच मी येत होते. ती दगडफुलं होती."

"दगडफूल? मसाल्यातलं?"

"त्याचीच भावकी."

बद्रीनाथभाऊ मटकन खाली बसले. "अन् मला वाटलं, तुमी दगड मोजून राह्यल्या."

दैवशालाने कळशी खाली ठेवली. भाऊंची बोटं ब्रशाने सोलवटून निघाली होती. ती बघितल्यावर साधनाताईंना रागावताही येईना. त्यांनी वहीचं कोरं पान काढलं, आजची तारीख घातली, एक ते चोवीस आकडे लिहिले आणि प्रत्येकापुढे शून्य मांडलं. मग टेप काढून त्याचं एक टोक भाऊंपुढे धरलं.

भाऊ दगडाचा आधार घेत उठले. "किती वर्सं लागतेन परत यायला?"

"डाळीएवढं व्हायला दहा-बारा तरी."

भाऊंनी मनातल्या मनात आपलं वय जुळवून पाहिलं.

"मंग येत जा दरसाल," ते म्हणाले. "मी कुठं जाऊन राह्यलो?"

आणि दगडावर टेकवलेला हात त्यांनी हळूच उचलून घेतला.