वीस सेकंद

शिकवणाऱ्या बाईंनी काकूंच्या पहिल्या सर्व्हरची वायर उपटली आणि पडद्यावरची रुग्णांची यादी गुल झाली.

मोठे साहेब मोठ्यानं आकडे मोजू लागले. एक, दोन, तीन. काकू हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. दवाखान्याची सर्व्हरची खोली बावीस वर्षं त्यांच्याच ताब्यात होती. आता तिथं जोडीनं चालणारी नवी यंत्रं बसणार होती; एक बंद पडलं की दुसऱ्यानं काम उचलायचं. ते कसं बसवायचं याचा आठवडाभर वर्ग झाला आणि आज काकू आणि जावईबापू या दोघांची परीक्षा. ज्याचं काम सरस, त्याची खोली. दुसऱ्यानं तळघरात जाऊन जुन्या फायली झटकायच्या.

विसाव्या आकड्याला यादी परत आली.

"वीस सेकंद," साहेब म्हणाले. "तेवढ्यात माणूस दगावतो, काकू."

"यंत्रं दोन असली तरी नोंदींची कोठी एकच आहे, साहेब. पहिलं खरंच मेलंय याची खातरी झाल्याशिवाय माझं दुसरं तिला हात लावत नाही. दोघांनी एकदम हात घातला, तर सगळ्या नोंदींचा विचका."

"सबबी," जावईबापू पुटपुटले.

जावईबापू म्हणजे साहेबांचेच जावई. सगळा विभाग त्यांना याच नावानं ओळखायचा आणि त्यांनाही ते गोड लागायचं. आठवडाभर ते मागच्या बाकावर मोबाइलमध्ये नाक खुपसून बसले होते. काकूंच्या तीन भरलेल्या वह्या बघून त्यांना हसू आवरत नव्हतं.

मग बाईंनी जावईबापूंच्या पहिल्या सर्व्हरची वायर काढली. यादी ढिम्म. तिची पापणीसुद्धा लवली नाही.

साहेबांची छाती वीतभर फुगली. "याला म्हणतात काम." त्यांनी खिशातून पेन काढलं आणि नेमणुकीच्या कागदावर जावयाचं नाव लिहायला घेतलं.

काकू मात्र यादीचा कोपरा न्याहाळत होत्या. तिथं दहा वाजून दहा मिनिटांची वेळ दिसत होती. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजत आले होते. काकू सावकाश पुढे गेल्या आणि जावईबापूंच्या दुसऱ्याही सर्व्हरची वायर त्यांनी ओढली.

"अहो, हे काय चाललंय तुमचं?" जावईबापू ताडकन उठले.

त्या यंत्रांतल्या पंख्यांची घरघर थांबली. यादी होती तशीच, ठणठणीत.

"बघा," साहेबांनी टाळी वाजवली. "दोन्ही बंद, तरी चालू. शिका जरा, काकू."

बाईंनी कपाळाला हात लावला.

"शिकते की," काकू म्हणाल्या. "जावईबापू, यात एक नवा रुग्ण घाला बघू. सासऱ्यांचंच नाव घाला, घरचं माणूस आहे."

जावईबापूंनी नाव लिहून बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग जरा जोर लावून दाबलं. पडद्यावर एक बारकं चक्र गरगरत राहिलं, यादीत काही कुणी शिरेना.

साहेब वाकून बघायला लागले. हातातलं पेन आडनावापाशीच अडलं होतं. "माझं नाव का जात नाही?"

"सकाळचा फोटो आहे हा, साहेब," काकू म्हणाल्या. "फोटोतल्या दवाखान्यात कुणाला भरती करून घेत नाहीत."