आतून की बाहेरून

"लागलं!" सर्व्हरवाली खुर्चीतल्या खुर्चीत उसळली. "मास्तर, या, बघा. उठलं तुमचं भूत."

मास्तर चष्मा कपाळावर सारून पडद्याशी वाकले. हॉस्पिटलच्या तळघरातल्या या खोलीचा कारभार आधी त्यांच्याकडे होता, आता तिच्याकडे. कुणी न विचारता समजावून सांगायची खोड म्हणून त्यांचं नाव मास्तर पडलं होतं. तिला अख्खं हॉस्पिटल सर्व्हरवाली म्हणायचं आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे.

"भूत कशाला म्हणतेस? चांगला चालता सर्व्हर होता तो," मास्तर म्हणाले.

चालता होता, पण हाताला लागेल असं त्याचं काही नव्हतं. एका मोठ्या मशीनच्या पोटात राहून स्वतःला खरंखुरं मशीन समजणारा तो व्हर्च्युअल सर्व्हर. गेल्या वर्षी तो बंद करून नवा आणला होता. आज मॅनेजरसाहेबांना कुणाचा तरी जुना एक्स-रे हवा झाला, म्हणून सकाळपासून त्याला जागं करायचा खटाटोप. तो जागा झाला, पण ठार मुका. बऱ्याच डोकेफोडीनंतर तिला सापडलं, की त्याचं नेटवर्क 'फक्त आतल्या आत' ठेवलेलं आहे. बाहेरचं मोठ्या मशीनमार्फत आत पोचेल, पण बोलायचं ते पोटातल्या पोटात, बाहेर पडायला दारच नाही. तिने दार उघडून दिलं, एवढंच.

"कुणी शहाण्याने करून ठेवलं हे?"

"बंद करताना कुणीतरी केलं असेल," मास्तर म्हणाले.

पडद्यावर त्या सर्व्हरच्या शेवटच्या दिवसाची तारीख उमटली आणि तिचं हसू मावळलं. त्या दिवशी आई वर अतिदक्षता विभागात होती, आणि ही इथेच, याच खुर्चीत. आई शुद्धीवर न येताच गेली. आईला काही कळलं नाही, कुणाची वाट बघावी लागली नाही, या एका गोष्टीच्या आधारावर तिने वर्ष काढलं होतं. भेटायला आलेले नातेवाईक हळहळले, की हीच उलट त्यांची समजूत घालायची, "तिला काही कळलंच नाही हो."

टेबलावरचा फोन थरथरला.

'बेड सात. रुग्ण शुद्धीवर आल्या आहेत. तुम्हाला विचारत आहेत. लवकर भेटायला यावे.'

खाली तारीख गेल्या वर्षीची. तीच.

आपण काहीतरी भलतंच वाचलं असं वाटून तिने पुन्हा वाचलं. तिने फोन मास्तरांपुढे धरला आणि दुसऱ्या हाताने पडद्याकडे बोट दाखवलं. तिथे वर्षभर अडकलेल्या मेसेजची रांग होती. एकेक मेसेज 'पाठवला' असं म्हणून नाहीसा होत होता.

"शक्यच नाही," मास्तर म्हणाले. "वॉर्डातून घरच्यांना मेसेज जायची सोय मी स्वतः लावली होती, याच सर्व्हरवर. तपासून दिली होती. माझ्या फोनवर आला होता की मेसेज!"

"पाठवला कुठून होतात? आतून की बाहेरून?"

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाहेरून," ते म्हणाले. "मोठ्या मशीनवरून. म्हटलं, इथून जातोय म्हणजे आतूनही..."

वर सिस्टरने बटण दाबलं असणार, आणि घरच्यांना कळवलं असं समजून ती दुसऱ्या पेशंटकडे वळली असणार. पाळी बदलून आलेल्या डॉक्टरांना यातलं काय ठाऊक? 'शुद्धीवर आल्याच नाहीत' एवढंच त्यांनी सांगितलं होतं. आणि इथे खाली लेक बसलेली, फोन समोर ठेवून.

"अगं, बंद कर ते आधी!" मास्तर एकदम भानावर आले. "सगळ्यांचे असतील त्या रांगेत. लोकांच्या घरी जातायत!"

त्यांचा हात कीबोर्डकडे गेला. तिने फोन टेबलावर टाकून त्यांचं मनगट घट्ट धरलं. त्याच रांगेत आईचं आणखी काही असलं तर?

"लोकांचा तरी विचार कर," मास्तर म्हणाले.

ती करत होती. पण हात सुटत नव्हता.

इंटरकॉम वाजला. तिने डाव्या हाताने तो उचलला. काउंटरवरची मुलगी घाबऱ्या घाबऱ्या बोलत होती.

"ताई, एक आजोबा आहेत फोनवर. आत्ता मेसेज आला म्हणतात, बायकोला वॉर्डात हलवलंय, भेटायला या. आणि स्वतःच सांगतायत, ती गेल्या वर्षी गेली म्हणून. तरी विचारतायत, निघू का?"

तिचा फोन पुन्हा थरथरला.

'बेड सात. रुग्ण म्हणतात, मुलगी इथे खालीच कामाला आहे. काम उरकून आली तरी चालेल म्हणावं, मी जागी आहे.'

मास्तरांनीही ते वाचलं. त्यांच्या मनगटातला जोर गेला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिला एकही हात मोकळा नव्हता.

"ताई? ऐकताय ना? काय सांगू आजोबांना?"

तिने पडद्याकडे पाहिलं. रांग अजून संपली नव्हती.

"फोन जवळच ठेवा म्हणावं," ती म्हणाली. "अजून एखादा येईल."