एक्केचाळीस सेकंद

आठल्ये सरांनी माउस दाबला आणि पडदा काळा झाला. काळ्यावर जाड पिवळी अक्षरं उमटली. सुदेशने घड्याळ थांबवलं. एक्केचाळीस सेकंद.

"झालं ना रे?" सरांनी विचारलं.

"झालं काय सर, रेकॉर्ड केलंत!"

आधी अशी थीम, म्हणजे पडद्याचे रंग आणि अक्षरं बदलणारी सजावट, बसवायची तर फाइल उतरवा, उघडा, नेमक्या फोल्डरात टाका, वर दोन आज्ञा टाइप करा. साधा माणूस पहिल्याच पायरीला हात जोडायचा. सुदेशने आठ महिने खपून ते सगळं एका खिडकीत आणि एका बटणात आणलं होतं. आज संध्याकाळी तो ते सगळ्यांसाठी खुलं करणार होता, फुकट. त्याआधी पाच जणांवर चाचणी. चौघांनी मध्येच सोडून दिलं होतं. पाचवे सर, वर्तकनगरच्या शाळेत त्याला विज्ञान शिकवलेले.

सरांना ही थीम हवीच होती. त्यांच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग कामातून गेला होता, अशी जाड ठळक अक्षरंच वाचता यायची, आणि घरच्या घरी करायच्या प्रयोगांची पुस्तिका अर्धी टाइप होऊन पडली होती. सुदेश येऊन बसवून द्यायचा, पण संगणक अपडेट झाला की थीम उडायची आणि सर पुन्हा अडून राहायचे. स्वतःला बसवता आली की कुणाची वाट बघायला नको.

सरांची सून सोनल चहा घेऊन आली.

"बाबा पास का?"

"फर्स्ट क्लास!" सुदेश म्हणाला.

तिने सरांकडे बघितलं, कप ठेवले आणि आत गेली.

"सर, आता व्हिडिओ काढतो. मी थीम काढून टाकतो, तुम्ही परत बसवा. लोकांना दाखवू ना, बहात्तराव्या वर्षी एक्केचाळीस सेकंद!"

"परत कशाला? पास झालो ना?"

"तुम्हीच सांगायचात सर. प्रयोगात एकदाच घेतलेलं वाचन म्हणजे वाचनच नाही."

सर हसले नाहीत. त्यांनी तळहात लेंग्याला पुसला.

सुदेशने थीम काढली. खिडकी मध्ये येत होती म्हणून ती डावीकडे सरकवली, मग बंद केली. पडदा पुन्हा नेहमीसारखा झाला. त्याने मोबाइल धरला. "करा सर."

सरांनी कोपऱ्यातल्या चिन्हावर दोनदा टिचकी मारली. खिडकी उघडली ती सुदेशने सोडली होती तिथे, डावीकडे. सरांचा हात उजवीकडे गेला. मघाचाच वेग, मघाचीच जागा. तिथे आता खिडकी नव्हती, मागच्या चित्रातला डोंगर होता. सरांनी डोंगरावर क्लिक केलं. मनात आकडे मोजावेत तसे ते थांबले.

"झालं ना रे?"

सुदेशचा मोबाइल खाली आला. त्याने आपलीच खिडकी पहिल्यांदा बघितल्यासारखी बघितली. पांढरी खिडकी, आणि तिच्या खालच्या कोपऱ्यात बारीक, फिकट राखाडी अक्षरांत 'बसवा'. ती छटा निवडायला त्याने दोन दिवस घेतले होते. त्याहून गडद रंग त्याला भडक वाटत होता.

"सर, बटण दिसतंय का तुम्हाला?"

सरांनी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"नाही. सोनलने हात धरून जागा दाखवली. शुक्रवारी तू प्रोग्रॅम ठेवून गेलास, तेव्हापासून घोकतोय."

घोकंपट्टी करणाऱ्यांच्या वह्या हेच सर वर्गाबाहेर भिरकावायचे.

"अहो, पण सांगायचं ना!" सुदेशचा आवाज चढला. "माझ्या प्रोग्रॅमची चाचणी आहे ही. तुमची परीक्षा नाहीये!"

"मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. तू एवढा शिकलेला, बटण दिसेल असंच ठेवलं असशील." सरांचे कान लाल झाले होते. "आणि चौघांनी अर्ध्यावर सोडलं म्हणालास. म्हटलं, पाचव्याने तरी पोराचा हिरमोड करू नये. कॉपी केली रे मी. चुकलंच माझं."

"मी म्हटलेलं बाबांना, सांगून टाका," सोनल दारातून म्हणाली. "ऐकतायत कुठे!"

सुदेशने मोबाइल खिशात ठेवला.

"त्या चौघांना दिसत होतं का?" सरांनी विचारलं.

सुदेशने ते विचारलंच नव्हतं. चाचणी चालू असताना बोलायचं नाही, फक्त बघायचं, हा नियम त्याने काटेकोर पाळला होता.

"नोंद केली असशील. कारणाचा रकाना असेल ना वहीत? वाच. मला नाही वाचता येणार."

रकाना होता. अक्षर नेहमीसारखं नीटनेटकं होतं.

"एक," सुदेशने वाचलं. "लक्ष नाही."

"पुढे."

"दोन. सूचना वाचत नाहीत."

"पुढे."

"तीन. वय झालंय."

चौथ्या नोंदीवर तो थांबला. चौथ्या म्हणजे त्याच्या घराखालच्या मजल्यावरच्या रखमाबाई. पडद्याच्या काचेला कपाळ टेकेपर्यंत त्या पुढे वाकल्या होत्या, चष्मा पुसून पुन्हा वाकल्या होत्या, आणि तेवढ्या वेळात त्याने घड्याळ बघत लिहिलं होतं, 'प्रयत्नच करत नाहीत'.

"पुढे," सर म्हणाले. ते त्याच्या चेहऱ्याकडे नाही, खांद्याच्या जरा बाजूला बघत होते. तसं बघितलं तरच त्यांना समोरचा माणूस दिसायचा.