घरीच आहे

“परवा दुपारी सरपंचांच्या विहिरीवरची मोटर गेली, तेव्हा हा कुठे होता?” माझ्या भावाची कॉलर धरून फौजदारांनी विचारलं.

“कॅमेऱ्यात बघा,” मी म्हणाले.

चोऱ्या थांबाव्यात म्हणून ग्रामपंचायतीने एकच कॅमेरा घेतला होता आणि त्याचं तोंड आमच्या पारधी वस्तीकडे करून ठेवलं होतं. बा रोज सकाळी केस विंचरून त्याच्यापुढे उभा राहायचा आणि हात जोडायचा. “राम राम साहेब, घरीच आहे.”

“त्यो बोलतो व्हय माघारी?” आई हसायची.

“साहेब लोक बोलत नसतात,” बा म्हणायचा.

पंचायतीच्या पडद्यावर परवाची दुपार सुरू झाली. भाऊ दिसला. चुलते, म्हाताऱ्या, लेकरं, सगळी वस्ती आमच्या अंगणात होती. फौजदारांचा चेहरा पडत गेला.

“आणि एवढ्या गर्दीत हा कोण झोपलाय?”

“माझा बा. परवाच गेला. एरवी तुम्ही पहिल्यांदा त्यालाच उचलायचात.”

फौजदारांनी कॉलर सोडली. सरपंच घाईने म्हणाले, “कॅमेरा आता गावाकडे फिरवू या.”

“नको, राहू द्या. आमच्या बाजूने बोलणारा गावात तेवढाच आहे.”

निघण्यापूर्वी मी चित्र आणखी एक दिवस मागे न्यायला सांगितलं. बा आला. भांग नीट पाडलेला होता. पडद्याला आवाज नव्हता. बाने हात जोडले आणि त्याचे ओठ हलले.

“राम राम,” फौजदारांच्या तोंडून निघून गेलं.