दारावरचा पोचा

"रंग मूळचा, गंजही मूळचा! नव्यासारख्या चकाचक केलेल्या गाड्या ढिगाने मिळतात हो, अशी हात न लागलेली कुठे मिळते?" जुन्या गाड्या जमवणारा पाहुणा पोर्चमधल्या लाल अमेरिकन स्पोर्ट्स कारभोवती पुन्हा एकदा फिरला आणि ड्रायव्हरच्या दारापाशी वाकला. "हा पोचा कसला?"

"मुलाच्या सायकलचं हँडल आदळलं होतं," गाडीचा मालक म्हणाला.

चहाचा ट्रे घेऊन आलेली त्याची बायको दारातच थांबली. त्याच वर्षी डेंग्यूने तो मुलगा, शिरीष, गेला होता. तेव्हापासून दर दसऱ्याला गाडीची पूजा करताना ती बोनेटच्या आधी त्या पोच्याला हळदकुंकू लावायची. नवऱ्याने पोचा कधी काढून घेतला नाही, की वाळलेलं कुंकू पुसलं नाही. शिरीषचं नावही न काढणाऱ्या या माणसाचं रडणं ते एवढंच, असं तिने मनाशी धरलं होतं.

"काढून नाही घेतलात?" पाहुण्याने विचारलं.

"खुळा आहे का मी? गॅरेजवाल्याचा हात लागला की निम्मी किंमत गेली. कुंकूसुद्धा पुसू दिलं नाही, रंग खरवडेल म्हणून."

"वा! ते डागही राहू द्या. त्यातच तर मजा आहे."

तिने ट्रे बोनेटवरच ठेवला. स्वयंपाकघरातून भांडी घासायची तारेची घासणी ओली करून आणली आणि पोच्यासमोर बसली.

"अगं, वेड लागलं का तुला? रंग जाईल!"

"गाडी तुमची, खुशाल विका," घासणी दाबत ती म्हणाली. "कुंकू मी लावलंय."